‘प्रभूच्या हाती सोड’ म्हणजे नेमकं काय सोडायचं?

“अक्का, मी एकदा मनापासून म्हटलं ना, की बापा, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, की तो ते काढूनच घेणार बघा. म्हणून दोन महिने झाले, प्रार्थनेत ती ओळ आली की मी नुसते ओठ हलवते. आवाज काढत नाही.”

हे बोलणारी बाई ३४ वर्षांची, एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स. घरात सगळ्यांत मोठी, म्हणून इथं तिला ‘थोरली’ म्हणते. लिहायला तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. बदलाव्याच लागतात. बेळगाव तसं लहान, आमची चर्चची मंडळी त्याहून लहान. रविवारी कुणाच्या घरी कोंबडी शिजली हे सोमवारी कॅम्पभर झालेलं असतं.

मी पाळक नाही. बरीच वर्षं शाळेत शिकवलं, मग समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि आता आठवड्यातल्या दोन संध्याकाळी चर्चच्या मागच्या जुन्या संडे स्कूलच्या खोलीत बसते. दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर कधीकाळच्या पोरांनी रंगवलेलं नोहाचं तारू. आषाढात झड लागली की कौलातून पाणी गळतं आणि त्या तारवाखाली आम्ही बादली ठेवतो. येणारे बहुतेक या ना त्या रूपात एकच प्रश्न आणतात. निपाणीकडची विडी वळणारी बाई विचारते, मुलीला इंजिनिअर करायचंय, हे मागणं म्हणजे लोभ झाला का? लग्नाला नऊ वर्षं झालेलं जोडपं विचारतं, मूल मागणं आता थांबवायचं का? मनातली इच्छा देवाला द्यायची म्हणजे ती मारायची का, हा तो प्रश्न. थोरलीची गोष्ट सांगते, कारण तिच्यापाशी मला स्वतःलाही थोडं शिकावं लागलं.

पहिल्या दिवशी ती यातलं काहीच बोलली नव्हती. डोकं दुखतं, झोप लागत नाही, रात्रपाळीत चिडचिड होते, एवढंच. वर अपराध्यासारखं म्हणाली, “माझी प्रार्थना कमी पडायलीय, म्हणून होत असेल.” असं कुणी म्हणालं की मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. रोज दुसऱ्यांचा रक्तदाब मोजणाऱ्या या बाईनं स्वतःचं रक्त दोन वर्षांत तपासलं नव्हतं. हिमोग्लोबिन बरंच खाली निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जीव नकोसा होतो का, हेही मी सरळच विचारलं. हा प्रश्न आडून विचारायचा नसतो. “तसं नाही, पण सकाळी उठावंसं वाटत नाही,” म्हणाली. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी तिच्या फोनमध्ये भरून दिला. गोळी आणि प्रार्थना यांचं भांडण लावणारे लोक आमच्यात आहेत. त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही, पेशंटला दवाखान्याचा रस्ता दाखवते.

मग हळूहळू घर कळलं. आईला सहा वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. वडील उद्यमबागच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला होते, तीस वर्षं काळी वाळू ठोकून निवृत्त झाले. धाकटा भाऊ पुण्याला, संसारात. आईचं सगळं थोरलीच्या अंगावर. आणि या सगळ्यात मिरजेहून एक स्थळ आलेलं. बायको वारलेला माणूस, नऊ वर्षांची मुलगी. आत्यानं आणलेलं स्थळ. वडिलांनी पत्र वाचलं, “प्रभूची इच्छा असेल तर होईल की,” म्हणाले आणि कपाटात ठेवून दिलं. त्याला चार महिने झाले होते.

घरोघरच्या प्रार्थनासभेत थोरलीनं एकदा धीर करून नुसतं म्हटलं, माझ्या भविष्यासाठी प्रार्थना करा. तिथले एक जुने बंधू म्हणाले, इच्छा म्हणजे देहस्वभाव, ती वधस्तंभावर खिळायची असते. सगळे आमेन म्हणाले. तीही म्हणाली.

दुसऱ्या भेटीत मी चूक केली. मला वाटलं, हिला गेथशेमाने सांगावं, म्हणजे अटकेच्या रात्री येशूनं केलेली प्रार्थना. बायबल उघडलं आणि वीस मिनिटं बोलले. शिकवायची सवय जात नाही. थोरली खाली मान घालून ऐकत होती, मधूनमधून ‘होय’ म्हणत होती. माझं संपल्यावर रुमालाची घडी घालत शांतपणे म्हणाली, “हे पाळकसाहेबांनी पण सांगितलंय अक्का, गेल्या उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला.” आणि छत्री घेऊन गेली. मला वाटलं, ही काही परत येत नाही.

पुढच्या आठवड्यात आली. या वेळी मी बायबल बंदच ठेवलं आणि विचारलं, “तुला काय हवंय?”

ती बोलू लागली. आईला वेळेवर कुशीवर वळवायला माणूस हवं. बाबांचे गुडघे गेलेत, त्यांना जिना नको. भावाचं कर्ज फिटायला हवं. दहा मिनिटं झाली असतील. मी म्हटलं, “हे घराला हवंय. तुला काय हवंय गं?”

ती गप्प. बादलीत थेंब पडत होता, त्याचाच आवाज. तिनं रुमाल चौकोनी घडी करून मांडीवर ठेवला, उलगडला, परत घडी केली. दाराकडे बघितलं, बंद आहे ना म्हणून. मग एकदम बोलली, “मला त्या मिरजच्या माणसाशी लग्न करायचंय. फोटो बघून नव्हे हां. आत्याकडं जेवायला आले होते तेव्हा जेवण झाल्यावर त्यांनी आपलं ताट उचललं, पोरीचं पण उचललं, आणि मोरीत जाऊन दोन्ही घासून पालथी घातली. कुणी बघतंय म्हणून नव्हे. कुणी बघत नव्हतं. मीच बघत होते.”

आणि लगेच तोंडावर हात. “बोललं की होत नाही म्हणतात ना?”

दोन वर्षं ही बाई रोज रात्री ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ म्हणत होती. आधी एखाद्या स्थळाची वाट बघत, नंतर या स्थळाची. पण हे ताटाचं तिनं देवाला एकदाही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, का नाही? म्हणाली, “त्याला माहीत असतंयच की. आणि मागितलं आणि नाही म्हणाला तर? न मागता नाही मिळालं तर निदान नाही तरी म्हणाला नाही तो.”

हे मी डायरीत लिहून ठेवलं आहे. बाहेरून समर्पण दिसावं आणि आत नकाराची धास्ती असावी, असं मी आधीही पाहिलं होतं, पण इतकं स्वच्छ कुणी बोललं नव्हतं.

मग मी तिच्या कामावर आले. “रात्रपाळी संपते तेव्हा सकाळच्या सिस्टरला वॉर्ड कसा देतेस?”

“म्हणजे ओव्हर?”

“होय. म्हणून दाखव बघू. मी सकाळची सिस्टर.”

ती क्षणभर बघत राहिली, मग पाठ ताठ करून सुरू झाली. गेल्या तीन भेटींत हा आवाज मी ऐकलाच नव्हता. “बेड चार, ऑपरेशनचा दुसरा दिवस, ड्रेन किती आलं बघून लिहा. बेड सहा, साखर रात्री वाढली होती, डॉक्टरना कळवलंय, सातला परत तपासायची. बेड नऊची आज्जी गोळी जिभेखाली ठेवते आणि आपण वळलो की थुंकते. पाणी पिऊन होईपर्यंत तिथून हलू नका. बेड अकराच्या मुलाला कन्नड येत नाही, मराठीत बोला, भितोय.”

“आणि एखादी सिस्टर आली, म्हणाली वॉर्ड तुमच्या हाती, सगळं तुमच्या मर्जीनं होऊ दे, आणि पर्स उचलून निघाली तर?”

थोरली पहिल्यांदा हसली. “मेमो मिळेल तिला!”

“मग दोन वर्षं तू काय करालीस?”

हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मी पुढं काही बोलले नाही. वीस मिनिटांच्या प्रवचनानं जे झालं नव्हतं ते बेड नऊच्या आज्जीनं केलं.

गेथशेमानेचं मी मग तिसऱ्या भेटीच्या शेवटी, पाच मिनिटांत सांगितलं. त्या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याची ती जागा. तिथं येशूनं काय म्हटलं? आधी म्हटलं, हा प्याला माझ्यापासून दूर कर. साफ शब्दांत. मग म्हटलं, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको. दुसरं वाक्य आम्हां सगळ्यांना तोंडपाठ आहे, वर्षानुवर्षं भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं. पहिलं वाक्य कुठल्या कॅलेंडरवर मी पाहिलेलं नाही. मत्तय लिहितो, की त्यानं तीन वेळा जाऊन तेच शब्द उच्चारले. देवाच्या पुत्राला तीनदा मागावंसं वाटलं, आणि आम्ही एकदाही न मागता पुढच्या वाक्यावर उडी मारतो. त्याला आम्ही विश्वास म्हणतो. मला तो पुष्कळदा घाबरटपणा वाटतो; हे माझं मत, पाळकांना विचारून घ्यावं.

यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तीमय घ्या. आंधळाच तो, रस्त्याच्या कडेला बसून ओरडणारा. त्याला काय हवं असणार हे शेंबड्या पोराला कळलं असतं. तरी येशू थांबून विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? उत्तर त्याच्याच तोंडून यावं लागलं.

घरी करायला मी तिला एक काम दिलं. झोपण्यापूर्वी वहीत नव्हे, मोठ्यानं नव्हे, पण शब्दांत, प्रभूला ओव्हर द्यायचा. बेड नंबर घालून. जे हवंय ते हवंय म्हणायचं, जे नको ते नको म्हणायचं, मग ड्युटी सोडायची. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ ही ओळ जमली तर म्हणायची, नाही जमली तर नाही. “मला अजून म्हणवत नाही, एवढंच त्याला सांग,” असं म्हटलं. यावर तिला धक्का बसला. मला वाटतं, देवाला बसला नसावा.

पुढचं तिनंच आणलं. तिच्या रविवारच्या पाळ्या फिरत्या, त्यामुळं सकाळची मराठी उपासना चुकली तर ती संध्याकाळी कन्नड उपासनेला जाते. आमच्याकडं हे नवीन नाही. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावात आले, पुढं त्या मिशनचं काम मेथडिस्टांकडे गेलं. एकाच चर्चमध्ये एक भाषा सकाळी, एक संध्याकाळी, हे पिढ्यांचं चाललेलं आहे. बाहेर पाट्यांवरून, फॉर्मवरून भांडणं होतात. आत एकाच बाकावर सकाळी आमची माणसं, संध्याकाळी त्यांची. पुष्कळ घरांत दोन्हीही.

तर थोरली म्हणाली, “अक्का, कन्नडात प्रभूच्या प्रार्थनेत ‘निन्न चित्तवु’ म्हणतात. इच्छा म्हणत नाहीत. चित्त.”

मी जन्मभर इथं राहिले, ती प्रार्थना कन्नडात शेकडो वेळा कानावर पडली, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कन्नडात देवाची इच्छा म्हणजे ‘देवर चित्त’. आणि मराठीत चित्त म्हणजे? चित्त ठिकाणावर नाही म्हणतो, चित्त लागत नाही म्हणतो. ती म्हणाली, “इच्छा म्हटलं की मला मेट्रनची ऑर्डर वाटते. फिरवता येत नाही, विचारता येत नाही. चित्त म्हटलं की वाटतं, त्याचं ध्यान माझ्याकडं आहे. ती ओळ मी कन्नडात म्हटली परवा. आवाज काढून.”

भाषापंडित म्हणतील, शब्दाचा तिकडचा अर्थ वेगळा, इकडचा वेगळा, असं मिसळू नये. खरं आहे. पण सीमेवर राहणारी माणसं मिसळूनच जगतात, आणि कधी कधी शेजाऱ्याच्या शब्दातून आपल्याला दार सापडतं.

आता वडिलांविषयी. त्यांना खलनायक करू नका. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत देवाशी नव्या वर्षाचा करार होतो, त्यात हे गृहस्थ सगळ्यांत खणखणीत आवाजात वाचतात: मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव. थोरलीला दर वर्षी वाटायचं, बाजूला ठेवलेली ती मीच. मला त्या उपासनेच्या इतिहासातलं एक आवडतं. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं १७५५ च्या ऑगस्टमध्ये लंडनला पहिल्यांदा असा करार घेतला, तेव्हा त्याआधी कित्येक सकाळी लोकांना तो काय आहे, कसा करायचा हे समजावून सांगितलं होतं. मग सोमवारी संध्याकाळी लोक उभे राहिले. आधी समजावणं, मग संमती. थोरली हे ऐकून म्हणाली, “आमच्याकडं ऑपरेशनच्या आधी तसंच की. समजावून न सांगता सही घेतली तर ती सही कसली?”

वडिलांचीच आणखी एक गोष्ट तिनं हसत सांगितली. हार्वेस्टच्या रविवारी लोक आपापल्या घरचं आणतात: तांदूळ, नारळ, केळीचा घड, कोंबडं, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. तिचे वडील दर वर्षी घरचा कोंबडा अर्पण करतात आणि लिलावात स्वतःच बोली चढवून तोच कोंबडा परत घरी आणतात. मंडळी आधीच हसायला तयार बसलेली असते. “आमच्याकडं अर्पण असंच,” ती म्हणाली, आणि जरा थांबून, “माझं पण तसंच होतंय. रात्री देते, सकाळी उठून परत घेऊन येते.”

हा प्रश्न खरा आहे, आणि यावर मी तिला सरळ उत्तर दिलं. देवाला दिलं म्हणजे त्याची आठवण यायची थांबते असं नाही. बायबलमधल्या हन्नानं मूल मागितलं, इतकं जीव तोडून की नुसते ओठ हलताना बघून एली याजकाला ती प्यालेली वाटली. (समुपदेशकांनी हा भाग अधूनमधून वाचावा.) शमुवेल झाला, तो तिनं मंदिरात नेऊन दिला. आणि पुढं? पुढं ती दर वर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेत असे. पोर वर्षभर डोळ्यांसमोर नाही, किती वाढलं असेल ते अंदाजानं धरायचं, बाही थोडी लांब ठेवायची. दिलेल्या पोराचं माप ती वर्षभर मनात धरून होती. तिचं देणं खोटं होतं असं कुणी म्हणत नाही. मी थोरलीला विचारलं, “सुट्टीच्या दिवशी बेड नऊची आज्जी आठवते का?” “आठवते की.” “म्हणून वॉर्डात जाऊन गोळी देतेस?” “छे, ती सकाळच्या सिस्टरचं काम.”

कोंबडा परत आणणं वेगळं आणि झगा शिवणं वेगळं, एवढा फरक तिला तिथंच कळला. मला कळायला बरीच वर्षं लागली होती.

वडिलांचं ‘प्रभूची इच्छा असेल तर’ मला मात्र मान्य नव्हतं आणि मी ते तिला सांगितलं. पत्राला उत्तर न पाठवता प्रभूची इच्छा कशी कळणार? घरातल्या थोरल्या मुली, विधवा सुना, न शिकलेले धाकटे भाऊ यांना ‘समर्पण कर’ सांगितलं जातं तेव्हा मी नेहमी बघते, सांगणाऱ्याचं त्यात काय वाचतंय. कधी कधी काहीच नसतं, निर्मळ सल्ला असतो. कधी कधी त्याची झोप वाचत असते. देवाच्या इच्छेची चादर पांघरून माणसांची सोय झोपलेली असते, आणि ती उठवायला घरातल्या कुणाला तरी आवाज करावा लागतो.

तो आवाज तिनं कसा केला ते तिच्याच शब्दांत द्यायला हवं होतं, पण मी तेव्हा लिहून घेत नव्हते, ऐकत होते. आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवतात, नाहीतर पाठीला जखमा होतात. आईच्या अंगाखाली आडवी चादर असते. एका बाजूनं थोरली, दुसऱ्या बाजूनं वडील, एक दोन तीन म्हणून ओढायचं. रात्रीचे अकरा. चादरीची टोकं दोघांच्या मुठीत. एक, दोन झालं आणि तीनच्या जागी थोरली म्हणाली, “बाबा, मला मिरजेला लग्न करायचंय.”

वडील चादर धरून तसेच राहिले.

बोलली आई. सहा वर्षांत जिचं बोलणं घरच्यांनाही दोनदा विचारून घ्यावं लागायचं, ती एकच शब्द बोलली आणि तो एकदम कळला.

“कधी?”

कुणी तिलाही विचारलं नव्हतं. नंतर कळलं, महिनोन्‌महिने तीही रात्री प्रार्थना करत होती, की माझ्यामुळं पोर अडकलीय, मला ने तरी किंवा तिला सोडव तरी. तिघंही एकाच छपराखाली आपापल्या अंथरुणात ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणत होते आणि कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. वडिलांचं काय होतं ते त्यांनी मला नंतर एकदा, माझ्याकडं न बघता, भिंतीवरच्या तारवाकडं बघत सांगितलं: “ती गेली तर रात्री मला एकट्याला हिला वळवता येत नाही बाई. लाज वाटली सांगायला.” तीस वर्षं तापलेल्या लोखंडाशेजारी उभा राहिलेला माणूस.

पुढचं सोपं झालं नाही. भाऊ पुण्याहून आला तो चिडूनच. दोन दिवस घरात मोठ्या आवाजात बोलणी झाली. शेवटी रात्रीची आया ठेवायची ठरली, पैसे भावानं द्यायचे, आणि उन्हाळ्यात दोन महिने आईला त्यानं न्यायचं. दोनच महिने का, यावर अजून कुरबुर आहे. पहिली आया आठ दिवसांत सोडून गेली.

मिरजेची गोष्ट म्हणाल, तर दोन भेटी झाल्या. तो माणूस थांबला होता, हे खरं. पण त्याची मुलगी थोरलीशी बोलत नाही. समोर आली की दप्तर उघडून बसते. तारीख ठरलेली नाही. ठरेलच असं मी लिहिणार नाही, कारण मला माहीत नाही, आणि हे लग्न झालं म्हणजे तिची प्रार्थना ‘लागली’ असं कुणी वाचू नये.

कारण याच खोलीत खानापूरकडचा एक मुलगाही येतो. फौजेत जायचं, हे एकच स्वप्न. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथंच असल्यामुळं आमच्या भागातल्या पोरांच्या डोळ्यांसमोर तो गणवेश लहानपणापासून असतो. तीन भरत्या हुकल्या, मग वय गेलं. त्यानं मागितलं होतं, साफ शब्दांत, बेड नंबर घालून म्हणा हवं तर. मिळालं नाही. आता येतो आणि सांगतो, मी देवावर रागावलोय. मी म्हणते, त्यालाच सांग. प्रेषित पौलानं शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं आणि काटा राहिला, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. वेळ आली की सांगेन. सध्या तो शिव्या न देता जेवढं बोलतो तेवढं ऐकते, आणि कधी कधी शिव्यांसकटही.

थोरली गेल्या आठवड्यात आली होती. झड ओसरली आहे, बादली काढली आहे. मी विचारलं, ओव्हर चालू आहे का?

“चालू आहे की. बेड एक आई. बेड दोन बाबा, त्यांचे गुडघे. बेड तीन मिरज. बेड चार मी.” मग लाजून, “आता बेड पाच पण. ती पोरगी. तिला सांगा म्हणते प्रभूला, की मी तिच्या आईच्या जागेवर बसायला येत नाही, शेजारी बसेन.”

“आणि शेवटी?”

“शेवटी कन्नडात ती ओळ. मग ड्युटी संपली म्हणते आणि झोपते.” जरा थांबली. “परवा झोप नाही आली हां. उठून बेड तीनचं परत सांगितलं. तेच शब्द. दुसऱ्यांदा.”

“तिसऱ्यांदाही चालतं,” मी म्हटलं.

तिची पाळी आठला होती. घड्याळ बघून उठली, दारात चपला घालताना वळून म्हणाली, रविवारी येणार नाही अक्का, मिरज पॅसेंजर धरायचीय, पोरीसाठी कुंदा घेतलाय पाव किलो, खाते का नाही कुणास ठाऊक.